कमी पाण्यातली पिल्लं

७ जुलै, रविवार

निवृत्त माणूस डायरी लिहायला लागला की समजावं, त्याला घरात कोणी विचारत नाही. हे माझंच वाक्य. कारखान्यात माझ्या खात्यातल्या पोरांना मी ते ऐकवायचो. आज ते माझ्यावर उलटलंय असं कोणाला वाटेल, पण तसं नाही. मला काम मिळालंय, आणि कामाची नोंद ठेवायची सवय जात नाही, म्हणून लिहितोय.

काम असं आहे. मागच्या अंगणात पत्र्याखाली सहा टब मांडलेत. प्रत्येक टबात बेडकाची वीस पिल्लं. पायल त्यांना भैकेर म्हणते, माझी बायको तुळसा 'ती वळवळ' म्हणते. पायल माझी मुलगी. बारामतीच्या एका कॉलेजात तासिकेवर जीवशास्त्र शिकवते आणि उरलेल्या वेळात पीएचडी करते. आठवडाभर तिकडेच खोली घेऊन राहते, रविवारी इथे कळंबला येते. म्हणून मोजायचं काम बापाकडे.

तीन टब काठोकाठ भरलेले ठेवायचे. उरलेल्या तिनातलं पाणी थोडं थोडं कमी करत न्यायचं. आमच्या इंदापूर तालुक्यातलं डबकं कधी आटेल याचा भरवसा नसतो. पाणी आटू लागलं की पिल्लं घाईने पाय काढून बाहेर पडतात का, सगळीच पडतात का, आणि अशी घाई केली तर अंगाने कशी होतात, हे तिला बघायचंय. हा तिचा शेवटचा हंगाम. डिसेंबरात नोंदणीची मुदत संपते. दोनदा वाढवून घेतलीय, तिसऱ्यांदा मिळणार नाही. यंदा आकडे हाती आले नाहीत तर इतकी वर्षं अक्षरशः पाण्यात जातील.

जाणार नाहीत. वालचंदनगरच्या कारखान्यात मी इन्स्पेक्शनला होतो. माणसाहून उंच गिअर माझी सही झाल्याशिवाय फाटकाबाहेर पडला नाही. नखाएवढी पिल्लं मोजायला मी भरपूर आहे.

१० जुलै

पायलची मोजण्याची रीत मला पसंत नव्हती. चपट्या बशीखाली चौकटीचा कागद, बशीत चमचाभर पाणी, त्यात पिल्लू, वरून मोबाइलने फोटो आणि मग फोटोवरून माप. मी म्हटलं होतं, फोटो काढतात ते लग्नात, माप हाताने घ्यायचं असतं. आज माझा व्हर्निअर, कारखान्यातलं मापाचं हत्यार, पेटीतून काढला. तेल पुसलं, शून्य तपासला, पिल्लाला त्याच्या जबड्यात धरलं. त्याने अशी उसळी मारली की शेपटीचं टोक तुटलं.

फोन करून पायलला सांगितलं. चूक झाली की वर कळवायची, ही शिस्त आहे. ती रागावली नाही. म्हणाली, शेपूट परत येईल, पण आता बशीच वापरा. स्वतःचा तुटलेला भाग स्वतः भरून काढणारा पीस मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता. व्हर्निअर पुन्हा पेटीत गेला.

२१ जुलै, रविवार

आज आषाढी पौर्णिमा. विहारात वर्षावासाचं, म्हणजे पावसाळ्यातलं धम्मग्रंथाचं वाचन सुरू झालं. पहिला दिवस माझ्याकडे होता. आवाज बरा लागला असं सगळे म्हणाले. तुळसा म्हणाली, भरभर वाचलं.

पायल आली होती. आकडे बघून खूश झाली. पिल्लं सारखी वाढतायत, सगळ्या टबांत. उकडलेला पालक त्यांना इतका आवडतो की तुळसा कुरकुरते, माणसांना भाजी उरत नाही म्हणते.

विकीपण आला होता. तो माझा मुलगा, पायलच्या पाठचा. मेकॅनिकल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला तीनदा गटांगळ्या खाल्ल्या आणि सोडून दिलं. आता बारामतीला मित्रांसोबत राहतो आणि मोटरसायकलवरून पार्सलं वाटतो. त्याच्या वयाचा असताना माझ्या हातात खात्याचा शिक्का होता. त्याच्यावर मी जास्त शाई खर्च करत नाही.

३० जुलै

मागचे पाय फुटले. आधी शेपटीच्या मुळाशी मोहरीएवढे कोंब, आठवडा व्हायच्या आत गुडघा, बोटं, सगळं. कमी पाण्याच्या टबांत आधी फुटले. पायल म्हणते तसंच.

मला एका गोष्टीने हैराण केलंय. आम्ही डोकं, धड, शेपूट, पाय, सगळं वेगवेगळं मोजतो. मला वाटलं होतं, वाढतं म्हणजे सगळं मिळून वाढतं, लहान गिअरचा मोठा गिअर. तसं नाही. कधी नुसती शेपूट वाढते, धड तसंच. मग शेपूट थांबते आणि पाय धावत सुटतात. एकाच अंगातले भाग एकमेकांना विचारत नाहीत. पायलला सांगितलं तर ती हसली आणि म्हणाली, आप्पा, माझ्या प्रबंधाचं दुसरं प्रकरण हेच आहे. मला आनंद झाला. लपवण्यासारखं काही नाही त्यात, झाला.

७ ऑगस्ट

काल मापं चुकली असं वाटून पुन्हा घेतली. तीच आली. चार पाय फुटलेल्या पिल्लांची लांबी गेल्या वेळेपेक्षा कमी! मी चष्मा बदलला, बशी बदलली, बॅटरीचा उजेड धरला. मग लक्षात आलं, शेपूट आत जिरतेय. पिल्लू वाढतंय आणि आखूड होतंय. कारखान्यात असा रिपोर्ट दिला असता तर साहेबांनी मला दवाखान्यात पाठवलं असतं.

पहिले दोन बेडूक आज टबाच्या काठावर येऊन बसले. मोजून, नोंद करून बांधाच्या गवतात सोडले. तुळसा बघायला आली होती. म्हणाली, "एवढीशी हायत, पर बेडूक ते बेडूकच." ती सहजासहजी कोणाचं कौतुक करत नाही.

११ ऑगस्ट, रविवार

पायलला पेपर तपासायचेत म्हणून आली नाही. आकडे मी मोबाइलवरून पाठवतोय.

बेडूक भराभर बाहेर पडतायत, आणि आता घाण दिसायला लागलीय. म्हणजे टबाची नाही, लॉटची. कमी पाण्याच्या तिन्ही टबांत काही पिल्लं आहेत ती नुसती बसून आहेत. बाकीच्यांना चार पाय, यांना कोंबसुद्धा धड नाहीत. एकाची शेपूट वाकडी. पन्नास चांगल्या पिसांत पाच वाकडे निघाले तर लॉटची किंमत जाते. कारखान्यात आम्ही असा पीस बाजूला काढायचो, लाल रंगाचा पट्टा मारायचो आणि लॉटच्या जवळ फिरकू द्यायचो नाही. परत मिसळला की गोंधळ. पायलच्या सरासरीत यांनी घोळ घातलाच आहे.

विकी दुपारी आला. टबाशी उकिडवा बसून बराच वेळ बघत होता. मग म्हणाला, "आप्पा, ही बारकी निवांत हायत बघा. घाईच न्हाय त्यास्नी."

मी म्हटलं, "निवांत न्हाईत, रिजेक्ट हायत. उद्या काढणार."

तो उठला, हात पँटला पुसले आणि आईला म्हणाला, पार्सलं राहिलीत. चहा ठेवलेला होता, तोही घेतला नाही. रविवारी कसली पार्सलं ते मला माहीत नाही. असतील.

१२ ऑगस्ट

काढली. घरामागच्या चारीला कालव्याचं पाणी आलंय, तिथे सोडली. मारली नाहीत, हे लिहून ठेवतो. टब कसे स्वच्छ दिसतायत. एका नजरेत एक मापाचा माल.

१८ ऑगस्ट, रविवार

आज माझ्या निवृत्तीनंतरचा सगळ्यात चांगला दिवस. पायलने आकडे तिच्या सरांना पुण्याला पाठवले होते. सरांचा स्वतःहून फोन आला. कमी पाण्यातली पिल्लं इतक्या एकजुटीने लवकर बाहेर पडलेली त्यांनी कुठे पाहिली नाहीत म्हणे. हे खरं असेल तर मोठी गोष्ट आहे असं म्हणाले. पायल फोन ठेवून घरभर फिरत होती. आईला धरून गोल फिरवलं. तुळसा नको नको म्हणत फिरली.

पायल मला म्हणाली, मापं तुम्ही घेतली म्हणून मला शंका नाही.  मी बाहेर जाऊन टब उगाच पुन्हा एकदा पुसून घेतले.

लॉट कसा निवडला हे तिला आज सांगायचं राहिलं. मॅनेजरला प्रत्येक रिजेक्ट सांगत बसत नाही कोणी.

२५ ऑगस्ट, रविवार

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

शेवटचे बेडूक बाहेर पडले म्हणून पायल सकाळी ताळा जुळवायला बसली. किती निघाले, किती मेले. भरलेल्या टबांचा ताळा बसला. कमी पाण्याच्या टबांचा बसेना. तिने दोनदा केलं, मग मला हाक मारली. आप्पा, यात बरीच कमी आहेत, मेलेली लिहायची राहिली का?

मी म्हटलं, मेली नाहीत, काढली. मागं पडलेली होती. मला वाटलं ती म्हणेल, बरं केलं.

 किती होती, कुठे सोडली, कधी सोडली, त्या वेळी पाय किती होते, असं तिने एकेक विचारलं. मी एकेक उत्तर दिलं. काढताना त्यांची मापं मी घेतलीच नव्हती. रिजेक्टचं माप कोण लिहून ठेवतं? तिने लॅपटॉप मिटला आणि त्यावर दोन्ही हात ठेवून बसली. तुळसाने जेवायला बोलावलं तरी उठली नाही.

 मी म्हणालो, मेली म्हणून लिही. चारदोन मरतातच की. कोण बघायला आलंय?

असं मी म्हणालो. ज्याने उभ्या नोकरीत खोट्या रिपोर्टवर सही केली नाही, तो मी. शब्द तोंडातून गेल्यावर मलाच ऐकू आले.

पायल ओरडली नाही. घरच्या बोलीत बोलली, ती रडू आलं की तशी बोलते. "ती मेली न्हाईत, आप्पा. ती थांबली व्हती. पाणी कमी झालं तरी थांबणारी किती असत्यात, त्येच तर मला बघायचं व्हतं."

सरांना काय सांगायचं, ते तिने मला विचारलं नाही. संध्याकाळच्या एसटीने गेली.

२६ ऑगस्ट

तुळसाने सकाळपासून भांडी आपटली. मी म्हटलं, बोल एकदाचं. ती बोलली.

"तुमचं नाव कचरू का ठिवलं, ठावं हाय न्हवं? तुमच्या आधीची दोन गेली. तुमी झाला ते एवढंसं, रडायला बी आवाज न्हाय. आत्याबाईनी तुमास्नी उकिरड्यावर ठिवलं आन् चुलतीनं उचलून घरात आणलं. टाकलेलं प्वार मरण नेत न्हाय म्हणायचे. टाकायचं ते उचलायसाठी. तुमी निस्तं टाकायचं शिकला."

आत्याबाई म्हणजे माझी आई. ही जुनी चाल आमच्याकडे होती, लोकांनी दीक्षा घेतली तरी म्हातारी माणसं ती लगेच सोडत नव्हती. सगळं खरं आहे. पण त्याचा पायलच्या टबांशी काय संबंध, ते काही माझ्या ध्यानात आलं नाही. तुळसाला विचारलं तर तिने कपाळावर हात मारला.

दुपारी चारीवर जाऊन आलो. पाणी जोरात चाललंय. काठाला बगळे उभे होते, चांगले पोट भरलेले. वाईट वाटलं. फार वाईट वाटलं.

२ सप्टेंबर

पायल आज पुण्याला जाऊन सरांना भेटली. खरं होतं ते सगळं सांगितलं. मदतनिसाने मागं पडलेली पिल्लं काढून टाकली, असं लेखी दिलं. मदतनीस म्हणजे मी. नाव घातलं नाही तिने.

 सर म्हणाले, पहिले आकडे या प्रश्नासाठी वापरता येणार नाहीत. मात्र तुझं सांगणं वेळेत आलं, छापून झाल्यावर आलं असतं तर मी काहीच करू शकलो नसतो. एक वाट आहे. या बेडकांची अंडी सप्टेंबरातही कुठेकुठे मिळतात. मिळाली तर पुन्हा कर. ऑक्टोबर संपायच्या आत पूर्ण तक्ता हवा. नाही मिळाली तर नोंदणी संपेल.

फोनवर हे सांगताना तिचा आवाज अगदी नेहमीसारखा होता. मी विचारलं, मापं कोण घेणार? ती म्हणाली, "तुम्हीच. दुसरं कोण आहे मला?"



६ सप्टेंबर

अंडी नाहीत. मी लासुर्ण्यापर्यंत सायकल मारली. जी डबकी आहेत त्यांत उसाच्या शेतातलं खताचं पाणी उतरलंय. कळंबच्या ओढ्यात मिळाली ती दुसऱ्याच जातीची निघाली, पायलने फोटो बघून नाही म्हटलं. आम्हाला हवा तो बेडूक आपली अंडी पाण्याच्या पृष्ठभागावर पसरून ठेवतो, साबुदाण्याच्या खिरीवर साय धरते तशी. आता कुठेही पाणी दिसलं की मी साय शोधतो. रस्त्याने जाणारे लोक माझ्याकडे बघतात.

पायलने विकीलाही सांगितलंय. तो दिवसभर तालुकाभर हिंडतो, म्हणून कुठे दिसलं तर बघ, असं. त्याच्याच्याने काय होणार आहे?

८ सप्टेंबर, रविवार

विकी फोटोंवर फोटो पाठवतोय. नरसिंहपूरच्या वाटेवरचं डबकं, भिगवणजवळचा खड्डा, कुठल्याशा पेट्रोलपंपामागचं तळं. पायल एकेकाला नाही म्हणतेय. एका फोटोत तर अंडी नव्हती, साबणाचा फेस होता. मी म्हटलंच होतं.

९ सप्टेंबर

विकी दुपारी आला. कॅनला ओलं पोतं गुंडाळलेलं, मोटरसायकलच्या टाकीवर ठेवून आणलेलं. सुप्याच्या अलीकडे माळावर मुरमाचा खड्डा आहे, त्यात अंडी मिळाली. तिथल्या अभयारण्याच्या हद्दीबाहेरूनच घे असं पायलने बजावलं होतं, तर हा वनरक्षकाला विचारून आला. गचके बसू नयेत म्हणून सगळी वाट हळू आला. त्याची पार्सलं उशिरा पोचली, चार गिऱ्हाइकांनी तक्रार केली.

पायलने व्हिडिओवर बघितलं आणि रडायलाच लागली. बरोबर जातीची आहेत. चार टबांपुरती. दोन भरलेले, दोन कमी पाण्याचे.

मी विकीला म्हटलं, हळू आणलंस ते बरं केलंस. तो म्हणाला, "व्हय." एवढंच. जेवून गेला.

२२ सप्टेंबर, रविवार

पिल्लं वाढतायत. हवा बदलली, म्हणून पहिल्या वेळेपेक्षा हळू. कमी पाण्याच्या टबांतलं पाणी पायल स्वतः काढते, दर रविवारी. मला हात लावू देत नाही असं नाही. पण तीच काढते.

एक पिल्लू वाकड्या शेपटीचं आहे. बशीत ठेवलं की गोल गोल फिरतं. मी त्याचं माप घेतलं, लिहिलं आणि परत सोडलं. हात शिवशिवला, हे खरं आहे.

६ ऑक्टोबर, रविवार

मागचे पाय फुटले बऱ्याच जणांना. पायल म्हणते, आकडे खरे वाटतायत. खरे म्हणजे काय विचारलं, तर म्हणाली, ओबडधोबड. ओबडधोबड आकडे बघून खूश होणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहतोय.

चौथ्या टबात एक मठ्ठ आहे. सगळ्यांत लहान. कोंबसुद्धा नाही. पालक खायला सगळी धावतात, हा शेवटी येतो, तोवर दांडे उरतात. आज मी त्याच्यापुरता एक कोवळा तुकडा वेगळा टाकणार होतो. बरं झालं आधी पायलला विचारलं. ती म्हणाली, आप्पा, तेही नाही करायचं. काढायचं नाही आणि भरवायचंही नाही. फक्त बघायचं.

कारखान्यात हे काम कोणी पगार देऊन करून घेतलं नसतं. फक्त बघणं फार अवघड आहे.

१४ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिन. विहारात वंदना झाली, खीर झाली. विकी पांढरा शर्ट घालून आला होता. सकाळी लवकर आला आणि न सांगता चारही टबांवरची जाळी धुऊन ठेवली. मला वाटलं तुळसाने धुतली. ती म्हणाली, मी न्हाय.

जेवताना पायलने त्याला विचारलं, तुझ्या राहिलेल्या विषयांची परीक्षा अजून देता येते का. तो माझ्याकडे न बघता म्हणाला, येती म्हणत्यात. मग विषय बदलला.  मला कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं की यंत्ररचनेचा विषय अवघड नाही, नीट कोणी शिकवला तर.

२० ऑक्टोबर, रविवार

बेडूक बाहेर पडतायत. कमी पाण्यातले बरेच आधी पडले, आणि त्यांचे मागचे पाय भरलेल्या टबातल्यांपेक्षा आखूड आहेत. डोळ्यालासुद्धा दिसतं. घाई केली, वाचले, पण उडी कमी झाली. पायलला हे सांगितलं तर तिने तसंच लिहून घेतलं.

काही थांबलेत. वाकड्या शेपटीचाही थांबलाय. मोजतोय.

विकी सुप्याला जाताना तयार झालेले बेडूक डब्यातून घेऊन जातो आणि त्याच खड्ड्यात सोडतो. जिथून आणले तिथंच सोडायचे, असं पायलचं म्हणणं. खड्ड्यात अजून गुडघाभर पाणी आहे म्हणे.

२७ ऑक्टोबर, रविवार

आज तक्ता पाठवायचा होता. परवा सरांनी कच्चे आकडे बघितले होते. ते म्हणाले, उत्तर यात आहे. बहुतेक पिल्लं घाई करतात, थोडी थांबतात, आणि थांबणारी मोजली म्हणूनच हे कळलं. पूर्ण तक्ता आला की मी नोंदणीचं बघतो, तू लिहायला बस. पायलने हे तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तुळसा म्हणाली, कळलं गं बाई.

दुपारी पायल लॉगबुकातून वाचत होती आणि मी लॅपटॉपवर एका बोटाने आकडे घालत होतो. विकी उंबऱ्याशी बसून जेवत होता. एकेक ओळ भरत गेली. निघाल्याची तारीख, लांबी, पायाचं माप. वाकड्या शेपटीचा शुक्रवारी निघाला, त्याची ओळ मी जरा सावकाश भरली. जी मेली तिथे मेल्याची तारीख.

शेवटी एक ओळ उरली. चौथ्या टबातला तो मठ्ठ. आज सकाळी माप घेतलं, मागे दोन कोंब आलेत, मोहरीएवढे. बाकी टब रिकामा, तो एकटाच फिरतोय. तक्ता तर आजच जायला हवा. मी पायलला विचारलं, याच्यापुढे काय लिहू? हा निघाला नाही, मेला नाही. रकाना मोकळा ठेवलेला मला चालत नाही.

पायलने थोडा विचार केला. मग म्हणाली, "अजून वाढतोय, असं लिहा."

आकड्यांच्या रकान्यात शब्द कसे लिहायचे, असं माझ्या मनात आलं. पण लिहिले. एका बोटाने, वेळ लागला. लिहून झाल्यावर मी मोठ्याने वाचून दाखवलं, तपासायची ती पद्धतच आहे. चौथा टब, शेवटचं पिल्लू, अजून वाढतोय.

विकीचा हात ताटात थांबला होता. तो माझ्याकडे बघत होता, तुळसा त्याच्याकडे.  मला वाटलं, वाचताना माझं काही चुकलं. पुन्हा वाचलं, बरोबर होतं.

पायलने तक्ता पाठवून दिला. विकी म्हणाला, पुढच्या रविवारी पण येतो, त्याला बघायला. मी म्हटलं, ये की, आणि येताना ती यंत्ररचनेची पुस्तकं असली तर घेऊन ये, मलाही जरा चाळायची आहेत. त्याने मान हलवली आणि आईकडे आणखी एक भाकरी मागितली. भूक लागली असणार, बारामतीहून सकाळीच निघाला होता.